मोटारसायकलच्या पेट्रोलनळीची गळती व तिची दुरुस्ती

आंब्याचा हंगाम सुरू झाला म्हणजे रत्नागिरीकडील बागायतदाराचा अर्धा दिवस मोटारसायकलवर जातो. पहाटे बागेत जाणे, फवारणीच्या यंत्रास इंधन नेणे, गड्यांची न्याहारी पोहोचविणे, पेट्या बांधण्याच्या ठिकाणी फेरी मारणे ही सर्व कामे आता या दोन चाकांवर चालतात. बैलगाडीच्या वंगणाची व कण्याची चौकशी पूर्वी घरचा माणूस रोज करीत असे. परंतु या नव्या वाहनाची चौकशी ते बंद पडल्याशिवाय कोणी करीत नाही. पेट्रोलची बारीक गळती तर बंद पडण्याच्याही वर्गात मोडत नाही. गाडी चालते, थेंब गळतो, वास येतो, आणि मालक म्हणतो, "पुढल्या खेपेस शहरात गेलो की दाखवू." या 'पुढल्या खेपे'विषयी आम्हांस चार शब्द सांगावयाचे आहेत, कारण तिची किंमत आम्ही स्वतः दिली आहे.

आमचा अनुभव

गेल्या वैशाखात आमची एक जुनी मोटारसायकल रात्री मागील पडवीत उभी असे. त्याच पडवीच्या दुसऱ्या टोकास भाताच्या पेंढ्यात आंब्याची आढी घातली होती. टाकीखालच्या कॉकच्या जोडाशी ओल दिसू लागली तेव्हा आम्ही पाना घेऊन जोड आवळला. दोन दिवस ओल दिसली नाही. पुन्हा दिसली, पुन्हा आवळला. तिसऱ्या वेळी आवळताना हातास एकदम सैलपणा लागला; आटे गेले होते. तरीही जोडावर साबण चोळून आम्ही वेळ मारून नेली. पुढे दोन दिवसांनी गाडी धुतली, साबण पाण्याबरोबर गेला, आणि त्या रात्री पेट्रोल जमिनीच्या उतारावरून पेंढ्यापर्यंत पोहोचले. पहाटे रखवालदाराने वासावरून ते ओळखले. त्याच्या हातात त्या वेळी विजेरी होती, कंदील नव्हता, एवढेच आमचे दैव. आढीच्या कडेची सुमारे दहा डझन फळे वासामुळे टाकून द्यावी लागली; पेंढा बाहेर उघड्यावर काढून पसरावा लागला. पडवीपलीकडे स्वयंपाकघर व देवघर आहे, आणि देवघरात समई जळत होती, हे लिहिताना आजही अंगावर काटा येतो.

या प्रसंगात दोष कोणा मिस्त्रीचा किंवा गाडीचा नव्हता. तो आमचा होता. जोड सैल होता म्हणून तो गळत नव्हता, तर त्यातील मऊ वॉशर कठीण होऊन निकामी झाले होते म्हणून गळत होता. आम्ही मात्र निकामी वस्तू तशीच ठेवून चांगली वस्तू आवळून मोडली.

पेट्रोलचा स्वभाव

रॉकेलाशी आपला परिचय पिढ्यांचा आहे, त्यामुळे पेट्रोलासही आपण तसेच समजतो. ही समजूत घातक आहे. रॉकेल सांडले तर ते साधारण उष्णतेत सहज पेट घेत नाही. पेट्रोल मात्र उणे ४० अंश सेल्सिअसच्या सुमारासही पेटण्याइतकी वाफ सोडते. हवेत या वाफेचे प्रमाण शेकडा सुमारे दीड ते साडेसात भाग असले की एका ठिणगीने ती भडकते. शिवाय ही वाफ हवेहून तीन ते चार पट जड असते. ती वर जाऊन विरत नाही. शेणाने सारवलेल्या जमिनीवरून, उंबरठ्यावरून, पाण्यासारखी उताराकडे सरकते व खोलगट जागी साचून राहते. म्हणून गळती पडवीत आणि आग चुलीपाशी असा प्रकार घडू शकतो.

नुकसानीचा हिशेबही लहान नाही. गळणाऱ्या जागेखाली तासभर एक लहान पत्र्याची वाटी ठेवून औषधाच्या मापाने मोजून पाहावे. तासास केवळ १० मिलिलिटर जमले तरी दिवसास २४० मिलिलिटर आणि तीस दिवसांत ७ लिटर २०० मिलिलिटर पेट्रोल मातीत जाते.

रचना

कार्बोरेटरच्या मोटारसायकलीत पेट्रोल केवळ स्वतःच्या भाराने खाली येते. टाकीच्या बुडाशी कॉक असतो. तो काही गाड्यांत एका मोठ्या नटाने, तर काहींत दोन स्क्रूंनी बसविलेला असतो. कॉकचे आतील तोंड टाकीत वर उभे असून त्यास जाळी असते. उंच नळीतून नेहमीचे पेट्रोल येते व बुडाजवळच्या छिद्रातून राखीव पेट्रोल येते. कॉकच्या खाली काही गाड्यांत गाळ साचण्याची लहान वाटी असते. कॉकच्या तोटीवर रबरी नळी चढविलेली असते, तिचे दुसरे टोक कार्बोरेटरच्या तोटीवर जाते, व दोन्ही टोकांस तारेच्या क्लिपा असतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. टाकीतील पेट्रोलची उंची हातभरसुद्धा नसते. ३० सेंटिमीटर उंचीच्या पेट्रोलचा दाब सुमारे दोन शतांश बार एवढाच भरतो. इतका क्षीण दाब अडविण्यास बळाची गरज नाही. दोन कठीण पृष्ठभागांमध्ये एक मऊ वस्तू सारख्या दाबाने बसली की पुरे. मऊ वस्तू मऊ आहे तोवर जोड हलक्या हाताने आवळला तरी गळत नाही. ती कठीण झाली, चिरली किंवा फुगली, म्हणजे कितीही आवळा, गळतोच. कॉकचे अंग बहुधा हलक्या मिश्रधातूचे असल्यामुळे अधिक जोराने प्रथम त्याचेच आटे जातात.

गळतीचे मूळ शोधणे

भाताच्या खाचरात पाणी ठरत नाही असे दिसले म्हणजे आपण खालच्या खाचरात जेथे पाणी झिरपते तेथे माती थापीत नाही. वरच्या बाजूस बांधाला खेकड्याचे बीळ कोठे आहे ते शोधतो. पेट्रोलची गोष्ट तशीच आहे. थेंब नेहमी सर्वांत खालच्या टोकाशी लोंबतो. त्याचा उगम बहुधा वर असतो. म्हणून प्रथम पुढील परीक्षा करावी.

इंजिन थंड असताना टाकीच्या बुडापासून कार्बोरेटरपर्यंतचा सर्व भाग कोरड्या फडक्याने पुसून स्वच्छ करावा. नंतर खडूची बारीक भुकटी प्रत्येक जोडावर भुरभुरावी. कॉक बंद ठेवून पंधरा मिनिटे थांबावे. भुकटी कॉकच्या वरच्या बाजूस ओली झाली तर टाकी व कॉक यांच्यामधील वॉशर गेले आहे. कॉकच्या दांड्यापाशी ओली झाली तर कॉकच्या आतील रबर गेले आहे. वाटीच्या कडेस ओली झाली तर वाटीचे कडे बदलावयास झाले आहे. बंद असताना सर्व कोरडे राहिले तर कॉक उघडून पुन्हा पंधरा मिनिटे थांबावे. आता ओल दिसेल ती नळीत, तिच्या टोकांशी किंवा कार्बोरेटरपाशी असेल.

कार्बोरेटरखाली लोंबणाऱ्या बारीक नळीतून थेंब पडत असतील तर तो जोडाचा दोष नव्हे. आतील तरंगी अडकली आहे किंवा तिच्या सुईखाली कचरा आला आहे, म्हणून जादा पेट्रोल वाहून जात आहे. तेथे नळी बदलून उपयोग नाही. कार्बोरेटर साफ करावा लागतो. ही खूण न ओळखल्यामुळे कित्येकांनी चांगल्या नळ्या बदलल्या व दोष तसाच ठेवला.

साहित्य

योग्य मापाचे पाने, पकड, पेचकस, धारदार पाते, झाकणाचा पत्र्याचा डबा, सुती फडकी, बांबूची पातळ चोय, आणि एक घमेले कोरडी वाळू. नव्या वस्तूंपैकी त्याच गाडीचे वॉशर व रबरी कडी, त्याच आतील मापाची पेट्रोलसाठीच बनविलेली नळी, आणि दोन नव्या क्लिपा. जुना तुकडा दुकानात बरोबर न्यावा. नजरेने माप सांगू नये.

सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून वॉशर करण्याची आपल्याकडे फार चाल आहे. पाण्याच्या पंपास ते चालते, पेट्रोलास चालत नाही. ट्यूबचे रबर पेट्रोल शोषून फुगते, लिबलिबीत होते व त्याचे कण कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात जाऊन बसतात. गवंड्याच्या लेव्हलची पारदर्शक नळीही वापरू नये; ती थोड्याच दिवसांत काठीसारखी ताठ होऊन टोकाशी चिरते.

दुरुस्तीचा क्रम

१. गाडी उघड्या अंगणात किंवा खळ्यात न्यावी. सकाळची थंड वेळ उत्तम. इंजिन पूर्ण निवालेले असावे. जवळ चूल, विडी, ठिणगी उडविणारे कोणतेही काम नसावे. बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवून ठेवावी.

२. केवळ नळी बदलावयाची असेल तर कॉक बंद करावा. कॉकच उतरवावयाचा असेल तर नळीचे खालचे टोक डब्यात सोडून, कॉक राखीव खुणेवर फिरवून, टाकी पूर्ण रिकामी करावी. नेहमीच्या खुणेवर ठेवल्यास बुडाशी पेट्रोल राहते व कॉक निघताच हातावर येते. काढलेल्या डब्यास झाकण लावून तो दूर सावलीत ठेवावा.

३. क्लिप पकडीने दाबून मागे सरकवावी. नळी ओढू नये. प्रथम तोटीवर फिरवून सैल करावी व मग काढावी. जुनी नळी चिकटून बसली असेल तर पात्याने तिची टोकाकडील बाजू उभी चिरावी, परंतु पाते तोटीस लागू देऊ नये. तोटीवर उभा ओरखडा पडला तर नवी नळीही त्या वाटेने गळेल.

४. कॉक उतरविल्यावर जुन्या वॉशरचे चिकटलेले तुकडे बांबूच्या चोयीने काढावे. खिळा किंवा पेचकस घेऊन खरवडू नये. जाळी स्वच्छ पेट्रोलात हलवून धुवावी. जाळीवर तांबूस गाळ मिळाला तर टाकीत गंज धरला आहे असे समजून टाकीही धुवावी.

५. नवे वॉशर व कडे कोरडे व नीट बसवावे. नट किंवा स्क्रू प्रथम हाताने पूर्ण फिरवावे, म्हणजे आटे आडवे लागणार नाहीत. दोन स्क्रू असल्यास आलटून पालटून थोडेथोडे आवळावे. वॉशर दाबले गेल्याचे हातास कळताच थांबावे. उतरविलेले जुने वॉशर 'अजून चांगले आहे' म्हणून पुन्हा घालू नये.

६. नवी नळी तोटीच्या फुगीर भागापलीकडे पूर्ण चढवावी व क्लिप त्या फुगवट्याच्या मागे बसवावी. क्लिप अगदी टोकावर राहिली तर नळी धक्क्याने निसटते. नळीस मुरड पडू नये, ती इंजिनच्या तापणाऱ्या पंखांस टेकू नये, आणि हँडल वळविल्यावर ताणली जाऊ नये. मध्ये गाळणी असल्यास तिच्यावरील बाणाची दिशा कार्बोरेटरकडे असावी.

७. टाकीत अर्धा लिटर पेट्रोल घालावे, कॉक उघडावा आणि पंधरा मिनिटे थांबावे. प्रत्येक जोडास पांढरा कोरडा कागद टेकवून पाहावा. कागद कोरडा निघाल्यावरच बॅटरीची तार जोडून इंजिन चालू करावे. काही मिनिटे चालवून, गाडी हलवून, पुन्हा कागद लावावा. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच परीक्षा करीपर्यंत गाडी घरात घेऊ नये.

तात्पुरत्या उपायांविषयी

साबण पेट्रोलात विरघळत नाही, म्हणून बागेतून घरापर्यंत येण्यापुरता तो उपयोगी पडतो हे खरे. परंतु तो पाण्यात विरघळतो, आणि आपल्या जिल्ह्यात वर्षास ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हे विसरू नये. इपॉक्सीची लांबी जोडावर थापल्यास पुढे तो जोड उघडताच येत नाही. तोटीवर पांढरी फीत गुंडाळून नळी चढविल्यास फितीचे तंतू आत जातात व गाडी वाटेत बंद पडते. तात्पुरता उपाय करावा लागलाच तर टाकीच्या झाकणास दोरा बांधून ठेवावा. दोरा दिसला की काम बाकी आहे हे घरातील प्रत्येकास कळते.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल

पूर्वी दहा वर्षे टिकणाऱ्या नळ्या आता लवकर का जातात, असा प्रश्न अनेक जण विचारतात. एक कारण वय हे आहेच. दुसरे कारण इंधनात झालेला बदल हे असू शकते. उसाच्या मळीपासून मिळणारे इथेनॉल पेट्रोलात मिसळण्याचे प्रयोग २००१ साली आपल्याच राज्यात मिरज व मनमाड येथे झाले, आणि २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले. २०२२ च्या जूनपर्यंत हे प्रमाण दहा टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोहोचले. ऊस पिकविणाऱ्या आपल्या देशावरील बांधवांस यात लाभ आहे, आणि त्याविषयी आमची तक्रार नाही. मात्र जुन्या गाड्यांतील काही प्रकारचे रबर या मिश्रणात फुगते किंवा लवकर चिरते. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे भाग वीस टक्के मिश्रण सोसतील असे केलेले आहेत. त्यापूर्वीच्या गाडीच्या मालकाने नळी व वॉशर बदलताना अशा मिश्रणास चालणारा माल मागून घ्यावा.

इथेनॉल पाणी ओढून घेते हेही कोकणात महत्त्वाचे आहे. पावसाळ्यात टाकीच्या झाकणातून पाणी शिरले तर काही प्रमाणापर्यंत ते मिसळून राहते. त्याहून अधिक झाले म्हणजे पाणी व इथेनॉल एकत्र होऊन बुडाशी वेगळा थर बसतो. कॉक बुडाशीच असल्यामुळे गंज व गाळ यांचा पहिला मारा त्याच्यावर होतो. म्हणून झाकणाचे रबर व झाकणाभोवतीचे पाणी निघून जाण्याचे छिद्र मृगापूर्वी तपासावे.

किनाऱ्यावरील विशेष काळजी

मिऱ्या, भाट्ये, पावस, गणपतीपुळे या बाजूस खाऱ्या वाऱ्याने तारेच्या क्लिपा फार लवकर गंजतात. गंजलेली क्लिप दिसावयास जागेवर असते, पण तिचा दाब गेलेला असतो. न गंजणाऱ्या पोलादाच्या क्लिपा घ्याव्या व त्यांवर बाहेरून किंचित ग्रीस लावावे. घरात भात साठविलेले असल्यास उंदीर येतात, आणि ते रबरी नळी कुरतडतात. पावसाळ्यात बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीची नळी हात फिरवून पाहिल्याशिवाय कॉक उघडू नये.

नव्या पद्धतीच्या गाड्या

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे मान लागू झाल्यावर बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटर जाऊन इंधन फवारण्याची पद्धत आली. तेथे टाकीतील विजेचा पंप नळीत सुमारे अडीच ते तीन बार दाब ठेवतो, म्हणजे जुन्या पद्धतीच्या शंभरपटींहून अधिक. अशी नळी साध्या क्लिपेने जोडलेली नसते. इंजिन बंद केल्यावरही तीत दाब राहतो, व जोड सोडताच पेट्रोल पिचकारीसारखे उडते. वर सांगितलेली कृती या गाड्यांस लागू नाही. तेथे ओल किंवा वास आढळताच किल्ली काढावी, गाडी ढकलून उघड्यावर न्यावी व जाणत्या कारागिरास जागेवर बोलवावे. चालवीत नेऊ नये, आणि साधी नळी घालण्याचा आग्रह त्यासही करू नये.

आग लागल्यास

पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगून आग पसरवते. कॉकपर्यंत हात सुरक्षित पोहोचत असेल तरच तो बंद करावा, व वाळू किंवा कोरडी माती टाकावी. कोरड्या भुकटीचे अग्निशामक नळकांडे पेट्या बांधण्याच्या जागी ठेवले तर पेंढा, खोके व वाहन या तिन्हींस ते उपयोगी पडते. आग टाकीस पोहोचली असेल तर गाडीचा लोभ सोडून माणसे व गुरे दूर करावी.

वेळापत्रक

फवारणीचे पंप, गवत कापण्याची यंत्रे व पॉवर टिलर यांपैकी जी यंत्रे पेट्रोलवर चालतात त्यांस हाच धडा लागू आहे. त्यांची नळी उन्हात राहते म्हणून ती अधिक लवकर जाते. आंब्याच्या फवारण्या आपण मोहोराकडे पाहून व तारीख ठरवून करतो. तशीच या कामासही तारीख द्यावी. दिवाळीनंतर, पहिल्या फवारणीपूर्वी, घरातील प्रत्येक पेट्रोल यंत्राची नळी वाकवून पाहावी. वाकविताना बारीक चिरा दिसल्या, बोटास काळे लागले, किंवा ती ताठ वाटली, तर गळण्याची वाट न पाहता बदलावी. दुसरी तपासणी मृगापूर्वी करावी. रात्री गाडी उभी करताना कॉक बंद करण्याची सवय मुलांस लावावी.

आमच्या पडवीत आता गाडी उभी राहत नाही. तिच्यासाठी अंगणापलीकडे चार खांबांवर पत्रा टाकला आहे. कॉक नवा बसविला, वॉशर नवे घातले, नळी नवी घातली. सर्व काम एका सकाळचे होते. ते पहिल्या थेंबाच्या दिवशी केले असते तर कॉक बदलावा लागला नसता, आणि आढीतील फळे घरच्यांच्या व गिऱ्हाइकांच्या पानात गेली असती. वाचकांपैकी ज्यांच्या गाडीखाली आज ओला डाग आहे, त्यांनी हा अंक मिटून ठेवावा व आधी खडूची भुकटी घेऊन अंगणात जावे.